आइसलंड पाहायचे, तर आधी शिबल्याला चला

डिसेंबर उजाडला, की महाविद्यालयात सहलीचे वारे वाहू लागतात. गोव्याला जायचे की महाबळेश्वरला, यावर वर्गावर्गांतून वाद रंगतात. यंदा या वादात आइसलंड हे एक नवेच नाव ऐकू आले! तिथवर जाण्याइतके पैसे आम्हांपैकी कुणाच्याच खिशात नाहीत. पण वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलच्या पडद्यावर त्या देशाच्या हिवाळी सहलींची चित्रे पाहून अनेक मित्र उसासे टाकतात. “आपल्या यवतमाळात पाहण्यासारखे आहे तरी काय?” हा त्या उसाशाचा शेवट असतो. या प्रश्नाला उत्तर द्यावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आइसलंड म्हणजे उत्तर अटलांटिक महासागरातील ज्वालामुखींचे बेट. आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे एक-तृतीयांश. लोकसंख्या मात्र चार लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 27 लाखांवर होती! डिसेंबरअखेर रेक्याविक या तेथील राजधानीत दिवस जेमतेम चार तासांचा असतो. त्या अंधारात आणि थंडीत लोक जातात ते आकाशातील हिरवा ध्रुवीय प्रकाश, बर्फ आणि काळा खडक पाहायला. दक्षिण किनाऱ्यावर रेनिसफ्यारा येथे काळ्या वाळूच्या काठी बहुकोनी दगडी खांबांची भिंतच्या भिंत उभी आहे. राजधानीतील मोठे चर्च 1986 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या दर्शनी भागाला आकार दिला आहे तो अशाच खांबांचा. आपल्या रानातल्या दगडाला एखाद्या समाजाने याहून मोठा मान तो कोणता द्यावा?

आता खरी गोष्ट सांगतो. असेच खांब आपल्या जिल्ह्यात आहेत. झरी-जामणी तालुक्यात शिबला-पारडीजवळ रस्त्याच्या कामात जमीन खोदली गेली, तेव्हा एकमेकांना खेटून बसलेले षटकोनी दगडी खांब उघडे पडले. कुणालाही वाटावे, की हा एखाद्या गाडल्या गेलेल्या वाड्याचा अवशेष आहे. चंद्रपूरचे अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी 2021 मध्ये हे खांब मानवनिर्मित नसून थंड झालेल्या लाव्हाचे आहेत, हे लोकांच्या नजरेस आणून दिले.

हे खांब घडतात कसे? त्याचे उत्तर आपल्या शेतातच आहे. उन्हाळ्यात कापसाच्या रानाला भेगा पडतात, त्या आठवा. ओल उडाली की माती आकसते आणि भुईवर बहुकोनी तुकड्यांची जाळी उमटते. लाव्हाचेही तसेच, तो वाळत नाही, निवतो, एवढाच फरक. निवताना तो आकसतो, पृष्ठभागावर मधाच्या पोळ्यासारख्या भेगा पडतात, आणि खडक जसजसा आत थंड होत जातो तसतशा त्या भेगाही आत उतरतात. भेगांच्या मधला भाग म्हणजे खांब. त्याला ना सुतार लागतो, ना गवंडी!

आणि ते काळे रान तरी कुठून आले? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताचा हा भूभाग आजच्या जागेच्या बराच दक्षिणेस होता. त्या वेळी भूगर्भातून लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. त्यांचे आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर आच्छादन आहे. पश्चिम घाटात त्याची जाडी प्रचंड आहे; पूर्वेकडे ती कमी होत जाते, आणि वणी-झरीच्या भागात ते आच्छादन संपत येऊन खालचे जुने खडक, कोळसा आणि चुनखडी, हाती लागतात. हाच काळा खडक झिजून आपली काळी माती झाली. अजिंठा-वेरूळची लेणी याच खडकात कोरली गेली. यवतमाळचा कापूस पांढरा असला, तरी त्याचे मूळ असे ज्वालामुखीत आहे.

मग आइसलंडकरांत आणि आपल्यांत फरक कोणता? त्यांचा अग्नी अजून जागा आहे. 1783 मध्ये लाकी येथे उद्रेक सुरू झाला, तो आठ महिने चालला. त्यामागून आलेल्या दुष्काळात पाचांतला एक माणूस दगावला. 2023 च्या नोव्हेंबरात ग्रिंदाविक हे सबंध गाव रातोरात रिकामे करावे लागले. त्यांना दगडाचा विसर पडणे शक्यच नाही. आपला अग्नी कधीच विझला. म्हणून आपल्या लेखी दगड म्हणजे केवळ गिट्टी.

कुणी म्हणेल, झरी-जामणीसारख्या आदिवासी तालुक्याला आधी रस्ता हवा, की दगडी खांब? मी म्हणतो, रस्ता हवाच. पावसाळ्यात कोलाम पोडांवरून दवाखाना गाठताना काय हाल होतात, हे ज्यांना ठाऊक आहे ते रस्त्याला विरोध करणार नाहीत. परंतु गिट्टी देणारा दगड जिल्हाभर पडला आहे. असे खांब मात्र मोजक्याच ठिकाणी आहेत. रस्त्याला चार हात वळसा देता येतो. फुटलेला खांब पुन्हा घडवायला मात्र लाव्हा कुठून आणायचा?

तिथे जत्रा भरवावी, असेही माझे म्हणणे नाही. आइसलंडला 2018 मध्ये वीस लाखांहून अधिक परदेशी प्रवासी गेले. एवढ्या पावलांखाली तेथील शेवाळही तुडवले जाते, अशी तक्रार तेथील लोकच करतात. आपल्याला हॉटेले नकोत. जागेभोवती साधे कुंपण, मराठीत आणि कोलामीत लिहिलेला एक फलक, आणि त्या जागेची शासनदरबारी नोंद, एवढे पुरे. कर्नाटकात मालपेजवळच्या सेंट मेरी बेटांवरील अशाच खांबांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान मिळाला आहे; शिबल्याने निदान जिल्ह्यात तरी मान मिळवावा.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. दगडांशी आमचा काय संबंध, असे गुरुजनांनी म्हणू नये. भूगोल आमचा विषय आहे, इतिहास आमचा आहे, आणि ज्या भूमीवर उभे राहून आम्ही मराठी बोलतो तीही आमचीच आहे. म्हणून भूगोल विभागाला माझी नम्र विनंती आहे: यंदाच्या हिवाळी सहलीतला एक दिवस शिबल्याला द्यावा. विद्यार्थ्यांनी खांब मोजावेत, नकाशा काढावा, गावातील वृद्धांशी बोलावे, आणि ती टिपणे ग्रामपंचायतीच्या व जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावीत. एसटीच्या तिकिटाएवढा खर्च. पारपत्र लागत नाही आणि दिवसही चार तासांचा नसतो!