चौकीत कोण आहे?

सदाशिव पेठ ही पुण्याची अगदी आतली पेठ. अभ्यासिका, खाणावळी, झेरॉक्सची दुकाने आणि स्पर्धा परीक्षांसाठी राज्यभरातून आलेली मुले यांनी ती सकाळपासून गजबजलेली असते. 27 जून 2023 च्या सकाळी याच पेठेतल्या रस्त्यावरून एक तरुणी जिवाच्या आकांताने धावत होती आणि तिच्या मागे कोयता घेतलेला तरुण होता. तिने नकार दिला एवढेच त्याच्या रागाचे कारण. रस्त्यावरच्या दोन विद्यार्थ्यांनी जिवावर उदार होऊन त्याला अडवले, म्हणून ती वाचली. पेरूगेट पोलीस चौकी तिथून हाकेच्या अंतरावर होती, पण त्या वेळी चौकीत पोलीस नव्हते. पुढे तिघा कर्मचाऱ्यांचे निलंबन झाले.

त्यानंतर दोन वर्षेही झाली नव्हती, तोच 25 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास स्वारगेट एसटी स्थानकात फलटणला निघालेली 26 वर्षांची तरुणी गाडीची वाट पाहत होती. ‘ताई’ म्हणून हाक मारत एक जण जवळ आला, तुमची गाडी तिकडे लागली आहे असे सांगून तिला अंधारात उभ्या असलेल्या शिवशाहीत घेऊन गेला आणि तिथे तिच्यावर बलात्कार झाला. स्वारगेट पोलीस ठाणे स्थानकापासून शंभर-दोनशे पावलांवर आहे. रात्री पोलिसांची गस्त स्थानकात येऊन गेली होती, असे नंतर सांगण्यात आले. संशयित 28 फेब्रुवारीला मध्यरात्रीनंतर शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावच्या शिवारात सापडला. त्याला शोधायला ड्रोन आले, श्वानपथक आले, शेकडो पोलीस उसाच्या फडात उतरले.

या दोन घटनांमधून पुणेकरांना पडलेला प्रश्न साधा आहे. गुन्हा घडून गेल्यावर एवढी ताकद उभी करता येते, मग गुन्हा घडण्याआधीच्या तासाला त्याच जागी एक पोलीस का नसतो? आणि तो नव्हता, तर त्याचा जाब कुणी, कुणाला, कुठे द्यायचा?

पहिल्या प्रश्नावर सरकारचे ठरलेले उत्तर आहे: नवी ठाणी, नवे कॅमेरे, नव्या गाड्या. ते निरर्थक नाही. पिंपरी-चिंचवडला 2018 मध्ये स्वतंत्र आयुक्तालय मिळाले. पुण्यात 2024 मध्ये आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात ठाणी मंजूर झाली. शहर ज्या वेगाने पसरले, त्या मानाने ही वाढ उशिरा आली, पण आली. तरीही पेरूगेट आणि स्वारगेट या दोन्ही ठिकाणी इमारतीची उणीव नव्हती. उणीव होती ती माणसाची.

हा माणूस जातो कुठे, हे पोलीस दलात कुणालाही विचारा. मिरवणुकीच्या बंदोबस्ताला, मंत्र्यांच्या दौऱ्याला, न्यायालयात आरोपी हजर करायला, समन्स बजावायला. चौकीचा शिपाई बारा-बारा तास उभा राहतो, साप्ताहिक सुट्टी बंदोबस्तात बुडते आणि उरलेल्या वेळात त्याने गस्त घालावी, अशी अपेक्षा असते. मुंबईत 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांचा आराखडा स्वतः तयार करून वरिष्ठांपुढे मांडला. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो देवनारमध्ये राबवून पाहिला आणि पुढे शहरभर नेला. पोलिसालाही झोप लागते, घर असते, हे एका शिपायाने वरिष्ठांना पटवून दिले. ही पद्धत प्रत्येक आयुक्तालयात टिकवायची तर मनुष्यबळ लागते आणि बंदोबस्ताच्या मागण्यांना कात्री लावावी लागते. रस्त्यावर पोलीस हवा असेल, तर राज्यकर्त्यांनी स्वतःभोवतीचा पोलीस आधी कमी केला पाहिजे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. जाब विचारण्याची आपल्याकडची रूढ रीत म्हणजे निलंबन. बातमी येते, संताप उसळतो, दोघे-तिघे निलंबित होतात आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटते. सेवानियमांत मात्र निलंबन ही शिक्षाच नाही. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवण्याची ती तरतूद आहे. खरी गोष्ट त्यानंतरच्या खातेनिहाय चौकशीत ठरते आणि तिचा निष्कर्ष लोकांपर्यंत क्वचितच पोचतो. पेरूगेटची चौकी रिकामी का होती? त्या वेळी तिथे कुणाची ड्यूटी होती, त्याला दुसरीकडे कुणी पाठवले होते, की तो कामचुकारपणाने गैरहजर होता? ही उत्तरे मिळाली असती, तर इतर चौक्यांचे वेळापत्रकही सुधारता आले असते. निलंबनाचा आदेश निघाला आणि ते प्रश्न तिथेच राहिले.

पुण्यातच 19 मे 2024 रोजी कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. अपघाताची माहिती नियंत्रण कक्षाला वेळेत दिली नाही म्हणून येरवडा ठाण्याच्या दोन अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले, तर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनचे डॉक्टर गजाआड गेले. इथे पोलीस हजर होते, तरीही न्याय धोक्यात आला. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात लैंगिक अत्याचार झालेल्या चिमुकल्या मुलींच्या पालकांना फिर्याद नोंदवून घ्यायला तासन्‌तास ताटकळावे लागले. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कारवाईला वेग आला. महिन्याभराने त्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरले. आधी टाळाटाळ आणि नंतर थेट गोळी ही एकाच दोषाची दोन रूपे आहेत. दोन्ही वेळा पोलिसांना आपल्याला कुणी विचारणारे आहे, असे वाटले नव्हते.

गुंडांना बेड्या घालून त्यांच्याच वस्तीतून फिरवण्याची जी धिंड अलीकडे लोकप्रिय झाली आहे, तीही याच माळेतली. टाळ्या पडतात, मोबाइलवर चित्रफिती फिरतात. पण धिंड ही शिक्षा कोणत्याही कायद्यात नाही. जो पोलीस आज गुंडाच्या बाबतीत कायदा बाजूला ठेवतो, तो उद्या तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या बाबतीतही ठेवू शकतो.

कायद्यांची कमतरता आहे, असे कुणी म्हणू नये. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्ये सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर कायद्याने बाद केले आहे. कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते. लैंगिक अत्याचाराची फिर्याद न घेणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 नुसार किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2 डिसेंबर 2020 च्या निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण जपून ठेवण्याची सक्ती केली. एवढे असूनही, हातात कागद घेऊन आलेल्या बाईला ठाणे अंमलदाराने बाकावर बसवून ठेवले, तर त्या क्षणी तिने कुणाकडे जायचे?

याचे उत्तर 22 सप्टेंबर 2006 ला मिळायला हवे होते. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करा, असे बजावले. त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, हेही स्पष्ट केले. महाराष्ट्राने आठ वर्षांनी, 2014 मध्ये, पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. जिल्ह्याऐवजी महसुली विभागाची पातळी धरली आणि अंतिम शब्द सरकारकडे ठेवला. म्हणजे सोलापूरच्या माणसाची तक्रार पुण्याच्या विभागीय प्राधिकरणापुढे जाणार आणि तिथून निघालेला निष्कर्ष शेवटी गृहखात्याच्या टेबलावर थांबणार. अशी यंत्रणा आपल्यासाठी आहे, हेच बहुतेक नागरिकांना माहीत नाही. ठाण्याच्या भिंतीवर हेल्पलाइनचे फलक असतात, वाँटेड आरोपींचे फोटो असतात. प्राधिकरणाचा पत्ता शोधावा लागतो.

यासाठी पुढची दहा वर्षे थांबण्याची गरज नाही. गृहखात्याने प्राधिकरणाच्या शिफारशी बंधनकारक करणारी दुरुस्ती विधिमंडळात आणावी आणि प्रत्येक जिल्ह्यात त्याचे कार्यालय उघडावे. किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती शिफारशींवर काय कारवाई झाली, याचा अहवाल दरवर्षी सभागृहापुढे ठेवावा. निलंबनानंतरच्या चौकशीचा निष्कर्ष ठरावीक मुदतीत जाहीर करावा. एसटी महामंडळ आणि पोलीस यांनी मोठ्या स्थानकांतली रात्रीची जबाबदारी लेखी वाटून घ्यावी, म्हणजे अंधारात उभ्या असलेल्या बंद गाड्या कुणाच्या, हा वाद पुन्हा होणार नाही.

आणि आयुक्तांनी एक गोष्ट उद्याच करावी. पेरूगेटपासून सुरुवात करून शहरातल्या प्रत्येक चौकीच्या दारावर त्या पाळीत हजर असलेल्या पोलिसाचे नाव, त्याच्या वरिष्ठाचा फोन नंबर आणि तक्रार प्राधिकरणाचा पत्ता खडूने का होईना, लिहून लावावा. सदाशिव पेठेतल्या मुलांना अभ्यासिकेतून रात्री अकराला खोलीवर परतताना तो फलक वाचता आला पाहिजे आणि फलकावरचे नाव त्या वेळी चौकीत बसलेले दिसले पाहिजे.