मुकी डबी

देवास म्हटले की कुमार गंधर्व आठवतात. १९४८ साली ते येथे आले आणि येथलेच झाले. त्यांच्या तंबोऱ्यांच्या सुरेलपणाचे कौतुक आम्ही आजही करतो. मात्र धार-देवासच्या आमच्या घरांत एखादा नातू गिटारचा स्वर खरखरीत करणारी डबी स्वतः जुळवू लागला, की आमच्या कपाळाला आठी पडते. वस्तुतः जवारी तरी काय करते? तारेच्या नादात उपस्वर खुलवते. ही डबीही, आपल्या रीतीने, उपस्वरांचीच भर घालते.

डबी मुकी राहिली तर सारे भाग उपटू नयेत. प्रथम ९ व्होल्टची बॅटरी तपासावी. मग डायोड, ट्रान्झिस्टर उलटे बसलेले नाहीत ना, डाख कच्चा नाही ना, हे पाहावे. शेवटी ॲम्प्लिफायरच्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, दोन्हींचे ग्राउंड एक करावे, आणि गिटार छेडीत ते टोक एकेका टप्प्याला लावावे. आवाज जेथे लोपतो, तेथेच दोष.

तंबोरा लावणाराही आधी तार मिळवतो, मगच घोडीवरील सूत सरकवतो. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर कान देणे, ही शिस्त आजोबांनी शेजारी बसून शिकवावी. डबी बोलेल, नातूही बोलेल.