न दिसणारे रूममेट

नागपूरचा एक्यूआय आज कोणीही मोबाईलवर बघू शकतो. धूळ किती, ओझोन किती, सगळं कळतं. पण त्याच हवेत बुरशीचे बीजाणू, बॅक्टेरिया आणि व्हायरसही तरंगत असतात. त्यांचा आकडा कुठे आहे? आपल्या देशाच्या २००९ च्या हवेच्या मानकांत १२ प्रदूषकं आहेत. शिसं आहे, बेन्झिन आहे, अमोनियासुद्धा आहे, पण सजीव एकही नाही! आणि जे मोजलंच जात नाही, त्यावर उपाय कोण करणार?

मोजायचं कसं? उघडी पेट्री डिश ठेवली तर तिच्यात जड कण पडतात. बारीक तरंगत राहतात आणि तेच फुप्फुसात खोल जातात. म्हणून पंपाने हवा ओढावी लागते. १९५८ चा अँडरसन सॅम्पलर मिनिटाला २८.३ लिटर हवा सहा चाळण्यांतून नेतो. प्रत्येक चाळणीची भोकं आधीच्यापेक्षा लहान, त्यामुळे हवेचा वेग वाढतो आणि आणखी बारीक कण खालच्या डिशवर आदळतात. आपल्या मराठवाडा विद्यापीठातल्या प्रा. एस. टी. टिळकांनीही आर. एल. कुलकर्णींबरोबर १९७० मध्ये स्वतःचा सॅम्पलर मांडला. तो आज 'टिळक एअर सॅम्पलर' म्हणून ओळखला जातो.

खरी अडचण वेळेची आहे. डिशवर वसाहती दिसायला दोन-तीन दिवस लागतात, टीबीच्या जंतूला तर कित्येक आठवडे. तोवर ती हवा कोणाकोणाच्या छातीत जाऊन आलेली असते!

म्हणून आता रिअल टाइम यंत्रं आली आहेत. अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पडला की पेशीतलं ट्रिप्टोफॅन चमकतं आणि डिटेक्टर ती चमक मोजतो. पण डिझेलच्या धुरातले काही कणही चमकतात आणि जंतू नेमका कोणता, ते कळत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने कोरोनाचा व्हायरस खोलीच्या हवेत साधारण ५ मिनिटांत ओळखणारं यंत्र दाखवलं. पण ते त्या एकाच व्हायरससाठी.

आता माझं म्हणणं. पंप, लेझर, सेन्सर, सिग्नल... यातलं अर्ध्याहून जास्त काम आपलंच आहे, फक्त बायोलॉजीवाल्यांचं नाही. आपल्या गावातली 'नीरी' १९५८ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या नावातच 'पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग' होतं. मग फायनल इयरला दरवर्षी तोच लाइन फॉलोअर रोबोट काहून?

कोणी म्हणेल, उगाच घाबरवू नका. अहो, हवेतले बहुतेक सूक्ष्मजीव निरुपद्रवी असतात. भीती आकड्याने वाढत नाही, आकडा नसला की वाढते.

सुरुवात हॉस्टेलपासून करूया. रीडिंग रूममध्ये साधा कार्बन डायऑक्साइड मीटर लावा. तो जंतू मोजत नाही, पण दुसऱ्यांनी सोडलेला श्वास आपण किती घेतो, ते लगेच सांगतो. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम असतं. हिवाळ्यात, परीक्षेच्या रात्री, दारं-खिडक्या बंद आणि आत चाळीस पोट्टे, तेव्हा किती होतं ते एकदा बघू तर! आकडा चढला की खिडकी उघडायची, बस्. वॉर्डन सर, एवढी परवानगी द्या. पुढच्या अंकात या पानावर मत नाही, रीडिंग छापू.