काठ विकत मिळतो, पाणी नाही

पाण्याकाठी घर बांधणाऱ्याचा एक हिशेब ठरलेला असतो. जमिनीला जो भाव मोजला तो खरे तर दृश्याचा होता, तेव्हा त्या दृश्यात कोणाची होडी येऊन उभी राहिली की आपल्या मिळकतीवरच अतिक्रमण झाले! पवना, मुळशी, खडकवासला या जलाशयांच्या काठी बंगले उभे राहिले तसा हा हिशेबही रुजला, आणि पैठणच्या नाथसागराकाठी तो रुजायला फार काळ लागेल असे नाही. म्हणून तो आताच तपासलेला बरा. नाथसागर ज्या धरणाचा जलाशय, त्या जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. त्या अकरा वर्षांत शंभराहून अधिक गावांना आपली जमीन द्यावी लागली. १५२२ फुटांच्या पूर्ण संचय पातळीपर्यंतचे बुडीत क्षेत्र त्या संपादनातून सरकारचे झाले. पाणी ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते, तीही काठावरच्या बंगल्याला आपोआप मिळत नाही. ती गाळपेऱ्यासाठी दिली जाते. उन्हाळ्यात नाथसागराचा काठ कितीतरी मागे सरकतो, आणि दुष्काळी वर्षांत जिवंत साठा संपून जलाशय मृतसाठ्यावर येतो. अशा वेळी ‘घरासमोरच्या पाण्याचा’ हक्क सांगायचा तर पाणी शोधत जावे लागेल. ‘घरापासून अमुक मीटरच्या आत होडी लावू नये’ असला नियम इथे याच कारणाने हास्यास्पद ठरतो. पावसाळ्यानंतर तो फार कडक होईल आणि मे महिन्यात त्याला अर्थच उरणार नाही.

कायद्याचे तत्त्वही काठमालकाच्या बाजूचे नाही. बियास नदीकाठच्या हॉटेलने नदीचे पात्र आपल्या सोयीने वळवल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ च्या त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की नद्या, किनारे, जंगले ही सरकारने जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायची संपत्ती आहे. खासगी सोयीसाठी ती कोणाच्या हवाली करता येत नाही. आता काठमालक म्हणेल, हक्काचे सोडा, माझ्या झोपेचे काय? रात्रभर कर्णे वाजतात, पत्रावळ्या आणि बाटल्या काठाला लागतात, परकी माणसे खिडकीत डोकावतात. तक्रार रास्त आहे, पण ती होडी थांबण्याविरुद्ध नाही, वागण्याविरुद्ध आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे आणि तो पाण्यावर लागू होत नाही असे कुठेही म्हटलेले नाही. कचऱ्याचा प्रश्न तर झोपेहूनही मोठा आहे, कारण छत्रपती संभाजीनगर आणि जालना हेच पाणी पितात. फ्लोरिडात या भांडणाने दुसरे वळण घेतले. मायामी परिसरातल्या काठावरच्या धनिकांनी रेटा लावला आणि २०१६ साली तिथल्या विधिमंडळाने काही ठरावीक पाण्यांत रात्री नौका नांगरून ठेवण्यास बंदी घातली. गोंगाट करणारा आणि मुकाट्याने रात्र काढणारा, दोघे एकाच नियमाने हाकलले गेले. आपण ते उचलू नये.

पण यावरून होडीवाल्याने ‘पाणी सर्वांचे, मग कुठेही आणि कितीही दिवस थांबेन’ असा निष्कर्ष काढला, तर तोही तितकाच पोकळ आहे. मांडवीकडे पाहा. पणजीसमोर नांगरलेल्या कॅसिनो नौका नावाला नौका आहेत. मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत त्या नदीतल्या इमारती झाल्या. थांबणे हा जलप्रवासाचा भाग आहे, ठाण मांडणे नाही. शिवाय नांगरलेली नौका एका जागी स्थिर राहते हा काठावरून पाहणाऱ्याचा समज. नांगर तळाला धरावा म्हणून दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडावा लागतो. चार मीटर पाण्यात वीस ते अठ्ठावीस मीटर दोर आला, आणि वारा फिरेल तशी नौका त्या दोराच्या टोकाला फिरते. म्हणजे सुमारे पन्नास मीटर व्यासाचे पाणी तिने अडवले. त्यात संध्याकाळी कोणी जाळे टाकलेले असले तर पहाटे ते फाटलेले निघणार. अंतर मोजायचेच असेल तर ते बंगल्यापासून मोजण्यात अर्थ नाही, जाळ्यापासून मोजावे.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो: नियम केले की ते पर्यटकाच्या मोटारबोटीला न लागता भोई-कहारांच्या होडीला लागतील. ही भीती अनाठायी नाही. नाथसागरावरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध कहार समाजाच्या पंच समितीने केलेली याचिका २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. मच्छीमाराचे पाणी आधीच आक्रसते आहे. पण नियम नसल्याने त्याचे रक्षण होते हे खरे नाही. नियम नसतात तिथे ज्याचे इंजिन मोठे आणि ओळख वरपर्यंत, त्याचेच चालते. म्हणून मच्छीमारांच्या होड्या लावण्याच्या वहिवाटीच्या जागा नकाशावर प्रथम आखाव्यात आणि मग उरलेल्या पाण्यात हौशी नौकांना जागा द्यावी. हा क्रम उलटा झाला तर आक्षेप खरा ठरेल.

‘नियम करणार कोण आणि पाळायला लावणार कोण?’ हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे सहसा काही न करण्यासाठीच विचारला जातो. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याच्या २७ व्या कलमाने अभयारण्यात शिरण्यावरच निर्बंध आहेत, तेव्हा हौशी नौकेला परवाना लागतो आणि परवान्याला अटी घालता येतात. थांबण्याची कमाल मुदत, रात्री चौफेर दिसणारा पांढरा दिवा, जाळ्यांपासून अंतर, कचरा परत नेण्याची सक्ती, आणि हिवाळ्यात पट्टकदंब व रोहित उतरतात त्या उथळ पाण्यात नांगर टाकण्यास पूर्ण मनाई, एवढे पुरे आहे. वनखाते, जलसंपदा आणि मत्स्यव्यवसाय या तीन खात्यांनी एकत्र बसून हा नकाशा पैठणला आणि काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. तो आखताना मच्छीमार सोसायट्यांना पहिल्या बैठकीला बोलवावे. काठावरच्या घरमालकांनी गोंगाटाची आणि कचऱ्याची तक्रार जरूर करावी, ती तत्काळ ऐकलीही जावी; होडी समोर दिसते ही तक्रार मात्र दाखल करून घेण्याजोगी नाही.