केडीएमची डाक आणि कारागिराची छाती

सराफाच्या पेढीवर ‘केडीएम’ हा शब्द आमच्या शेतकरी बंधुभगिनींनी पुष्कळदा ऐकला असेल. हा काही सोन्याचा प्रकार नव्हे. दागिन्याचे सांधे जोडण्यास जी डाक लागते, तीत साधारण 92 भाग सोने व 8 भाग कॅडमियम नावाचा धातू घालतात. त्यावरून पडलेले हे नाव. पूर्वीच्या डाकेत तांबे-चांदी जास्त असे. दागिना मोडावयास नेला की कस उतरे आणि हुज्जत होई. कॅडमियमने ती हुज्जत मिटविली. गिऱ्हाइकाचे सोने वाचले, सराफाची पत राहिली. मग तोटा कोणाच्या पदरी पडला?

तो शेगडीपाशी बसणाऱ्या कारागिराच्या पदरी पडला. सोने वितळावयास 1064 अंश उष्णता लागते. कॅडमियम 767 अंशांसच उकळते. डाक तापली की त्याची वाफ उठते. ज्योत हलू नये, सोन्याचा कीस उडू नये, म्हणून खिडकी बंद, पंखाही बंद! सोन्याचा एक कण बाहेर जाऊ नये ही काळजी सर्वांस आहे. माणसाच्या आत काय जाते ते पाहणारा कोणी नाही. दुपारी घेतलेली वाफ रात्री ताप, खोकला व छातीतील आवळ होऊन उठते, आणि घरची माणसे काढा देतात. वाफ फार झाली तर फुप्फुसांत पाणी होऊन माणूस दगावतो. थोडी थोडी गेली तर ती मूत्रपिंडात साठते व तेथून अर्धीही निघण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. 1993 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कॅडमियम कर्करोगकारक ठरविले. तोंडावर बांधलेला पंचा ही वाफ अडवीत नाही.

हॉलमार्कच्या नियमांत या डाकेस जागा नाही, आणि जून 2021 पासून सोन्यास हॉलमार्कची सक्ती सुरू झाली. पण वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असलेल्या सराफांस ती सक्ती लावली नाही. शिवाय शिक्का दागिन्यावर उठतो, कारागिराच्या खोलीवर नव्हे.

आमचे सराफ मंडळींस स्पष्ट सांगणे आहे की, कॅडमियमविरहित डाक बाजारात मिळते, ती तुम्ही पुरवा. आणि ती हातास बसेपर्यंत जी घट येईल ती मजुरीतून कापू नका. कारागीर बांधवांनीही शेगडी स्वयंपाकघरापासून व निजलेल्या मुलांपासून दूर न्यावी, वाफ तेथल्या तेथे बाहेर ओढणारा पंखा बसवावा, आणि डाक लावल्याच्या रात्री छाती भरली तर दवाखान्यात आपला धंदा आधी सांगावा.