दुखणं गावात, मॉर्फिन शहरात. फॅमिली डॉक्टरांची कोंडी

मोठ्या हॉस्पिटलने ‘आता घरीच सांभाळा’ म्हणून सांगितलेला कॅन्सरचा पेशंट गावी येतो. सोबत थोड्या दिवसांच्या मॉर्फिनच्या गोळ्या असतात. त्या संपल्या की रात्री-अपरात्री फोन जातो गावच्या डॉक्टरांनाच. आणि त्यांच्याकडे मॉर्फिन नसतं.

मॉर्फिन अफूपासून बनतं. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात अफू सरकारी परवान्यावर पिकते, म्हणजे माल आपल्याच देशातला. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर औषध ठेवायला इतके परवाने लागायचे, की दवाखान्यांनी नादच सोडला. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. फक्त प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, गोळी-गोळीचा हिशेब हवा, वर्षाला किती लागेल ते कळवायला हवं. एक डॉक्टर, एक कंपाउंडर अशा दवाखान्यात हे करणार कोण? कायदा सैल झाला, पण तालुक्याला त्याचा उपयोग थोडाच.

मग हाताशी उरतं ट्रामाडॉल. तेही एप्रिल २०१८ पासून त्याच कायद्याखाली आलं. मेडिकलवाल्याला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहावं लागतं. चौकशीच्या भीतीने काही डॉक्टर ते लिहायचंच टाळतात.

सगळी भीती खोटी नाही. पोती उचलून कंबर गेलेला माणूस ‘स्ट्राँग काहीतरी द्या’ म्हणतो. कंबर-गुडघ्याला ही औषधं सुरुवातीला द्यायची नसतात, सवय लागते. अमेरिकेत १९९० नंतर अशा दुखण्यालाही ती सर्रास दिली गेली, पुढे या औषधांच्या आणि तशाच नशेच्या अतिडोसाने लाखो माणसं गेली. इथे डॉक्टरने नाही म्हटलं तर पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जातो, नाहीतर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून महिनोन्‌महिने खातो. त्याने किडनी जाते, ते वेगळंच. व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट तालुक्याला असेलच असं नाही.

पण कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांतल्या माणसाला ‘सवय लागेल’ म्हणून तळमळत ठेवणं हा वेगळा हिशेब आहे. इथे घरचेही घाबरतात. ‘अफूची गोळी’ म्हणून दोनाची एक करतात.

डिस्चार्ज घेतानाच विचारून घ्यावं: पुढच्या गोळ्या कुठे मिळतील, जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर आहे का. गावच्या डॉक्टरांच्या नावाने डोस लिहिलेली चिठ्ठी मागावी. गोळी घड्याळ बघून द्यायची, एकदम बंद करायची नाही. बद्धकोष्ठतेचं औषध सोबत लागतंच. आणि डबी पोराटोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.