वास नव्या शेगडीचा की गॅसचा?

गेल्या श्रावणात आम्ही थोरल्या बंधूंकडे भुकूमला मुक्कामी होतो. पौड रस्त्यावर, भूगावच्या पुढचे हे गाव. मुळशीकडची झड लागलेली, खिडक्या बंद. घरात तीन बर्नरची नवी शेगडी आली होती आणि तिच्याबरोबर वासही आला होता. आठ दिवस झाले तरी जाईना. बंधू म्हणाले, "नवी वस्तू आहे, येणारच." आम्हीही मान डोलावली. एवढेच नव्हे तर, "वहिनी, एखादी उदबत्ती लावा," असा सल्लाही दिला. आमची बी.कॉम. अशी कामी आली!

वहिनींनी काडी ओढली नाही. म्हणाल्या, "भाऊजी, नवेपणाचा वास शेगडी पेटल्यावर यायचा. हा तर सकाळी चूल पेटायच्या आधीच येतो. ओट्याखाली वाकलं की जास्तच."

आम्ही वरमलो, कारण बाईंचे बरोबर होते. नव्या शेगडीच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तेल चोपडलेले असते. तापले की ते जळते, धुरकट वास येतो आणि काही दिवसांत संपतो. गॅसचा वास वेगळा, सडक्या कोबीसारखा. मुळात या गॅसला वासच नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र द्रव्य मिसळतात. अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन गावी 1937 साली बिनवासाच्या नैसर्गिक गॅसने शाळा उडाली, सुमारे तीनशे जीव गेले. त्यानंतर तिकडे वास मिसळण्याचे कायदे झाले. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. वहिनींना खाली वाकल्यावर वास का येई, ते यावरून समजावे. आणखी एक, वासात सतत वावरणाऱ्याचे नाक मरते. तेव्हा बाहेरून आलेल्याने "वास येतोय" म्हटले तर त्याला वेड्यात काढू नये.

लगेच रेग्युलेटर बंद केला, पाऊस आत आला तरी दारे-खिडक्या उघडली. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. चालू करतानाही ठिणगी पडते, बंद करतानाही. दुसऱ्या दिवशी एजन्सीचा मेकॅनिक आला. त्याने साबणाचा फेस लावला. नळी शेगडीला जोडते तिथेच बुडबुडे! दुकानदाराच्या पोराने नव्या शेगडीला जुनीच नळी बसवली होती, तिचे तोंड चिरलेले. "चांगली आहे, उगाच खर्च कशाला," असे तो म्हणाला होता म्हणे. आयएसआय शिक्क्याची नवी नळी बसली. ती पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते.

वास जोराचा असेल तर मात्र फेसबिस लावत बसू नये. रेग्युलेटर बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरूनच 1906 ला फोन करावा. तो चोवीस तास चालतो.

तेलाचा धुरकट वास राहिला होताच. शेगडी कोमट साबणपाण्याने पुसून कोरडी केली, खिडक्या उघड्या ठेवून बर्नर अर्धा-अर्धा तास नुसतेच पेटवले. दोन-तीन दिवसांत तोही गेला. रात्री रेग्युलेटर बंद करायचे काम आता बंधूंकडे आहे. वहिनी तरीही एकदा जाऊन पाहतात.